नारळाच्या शेंडीने बांधलेलं जहाज

नारळ सोलताना शेंडीतला एक धागा ओढून काढा. वीतभरही भरणार नाही. दोन्ही टोकं धरून जरा ताणला की तुटतो. आता अशाच धाग्यांचा वळलेला दोर डोळ्यांपुढे आणा. माणसाच्या पोटरीएवढा जाड, दोनशे मीटर लांब, एका टोकाला नांगर आणि दुसऱ्या टोकाला शेकडो टनांचं जहाज. मध्ये कुठे डिंक नाही, खिळा नाही, शिवण नाही. मग वीतभराचे हे धागे दोनशे मीटरपर्यंत एकमेकांना धरून राहतात कशाच्या जोरावर?

हा प्रश्न मला पडला तो एका गल्लीच्या नावामुळे. डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या माणसाची काळा घोड्याभोवतीच्या गल्ल्यांशी आपोआप ओळख होते. जुन्या ऱ्हिदम हाउसच्या मागे एक अरुंद रस्ता आहे, रोपवॉक लेन. पत्त्यांत त्याला साईबाबा मार्गही लिहितात. कित्येक वर्षं माझी समजूत अशी, की इथे कधीकाळी डोंबारी दोरावर चालून दाखवत असतील. ती साफ चुकीची निघाली. इथे चालायचे ते दोर वळणारे, आणि तेही उलटे, पाठीच्या दिशेने. मुंबईच्या गोदीतल्या जहाजांचे दोर जिथे तयार होत, त्या लांबलचक दोरखान्याची ही खूण.

दोरखाना लांबलचकच का असावा लागतो, हे समजायला आधी दोराच्या पोटात शिरायला हवं.

गर्दीत कुणी पडत नाही

सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणाऱ्याला दोराचं शास्त्र वेगळं शिकवायची गरज नाही. डब्यात कडी हाताला लागत नाही, पाय धड टेकत नाहीत, गाडी हिसका देते, तरी कुणी पडत नाही. चारी बाजूंनी माणसं इतकी दाबलेली असतात की हलायलाच जागा नसते. ठाण्याला उतरायचं असलं तरी सुटका नाही.

धाग्यांचंही हेच. पुष्कळ धागे नुसते शेजारी शेजारी ठेवून ओढले तर ते एकमेकांवरून घसरून सुटतात. त्यांना पीळ दिला की प्रत्येक धागा गोल जिन्यासारखा वळत जातो. वळलेला धागा ओढला की तो सरळ व्हायला बघतो आणि सरळ होता होता आतल्या धाग्यांना आवळतो. आवळले की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की घसरण थांबते. गंमत अशी, की जितकं ओढाल तितकी पकड घट्ट होते. दोरावरचा भारच दोराला धरून ठेवतो. एखादा धागा जिथे संपतो तिथे त्याच्या आजूबाजूचे दहा-वीस धागे अजून चालू असतात. तो आपला भार त्यांच्याकडे सोपवून मोकळा होतो.

म्हणून मग पीळ देतच सुटायचं का? तर तेही नाही. फार पीळ दिला की धागे इतके तिरपे होतात की त्यांची ताकद ओढीच्या दिशेला कमी आणि एकमेकांना चिरडण्यात जास्त खर्ची पडते. दोर टणक होतो, लवत नाही आणि लवकर तुटतो. पीळ किती हवा, हे दोर वळणाऱ्याच्या बोटांना कळतं.

पिळाला पिळानेच कुलूप

एक अडचण उरतेच. ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकला की तो आपला आपण उलगडतो. दोर का उलगडत नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो, पण मुळात हे निरीक्षण दोर वळणाऱ्याचं आहे. काथ्याचा सुंभ जळून त्याची राख झाली तरी त्या राखेवर वळणं तशीच दिसतात.

उत्तर असं की दोरात एक पीळ नसतो, उलटसुलट तीन तरी असतात. काथ्याचे किंवा तागाचे धागे समजा उजवीकडे पिळले, की सूत तयार होतं. अशी अनेक सुतं एकत्र करून डावीकडे पिळली, की पेड. वेणीत असतो तसाच हा पेड, फक्त इथे तो स्वतःही पिळलेला असतो. तीन पेड एकत्र करून पुन्हा उजवीकडे वळले, की दोर. आता पेड उलगडू पाहतो ती दिशा आणि दोर उलगडू पाहतो ती दिशा एकमेकांच्या विरुद्ध पडतात. पेड सैल व्हायला निघाला तर दोर आणखी आवळला जातो, दोर सैल व्हायला निघाला तर पेड आवळला जातो. दोघे एकमेकांच्या वाटेत पाय रोवून उभे. कोर्टातल्या जुन्या दाव्यासारखी कुणीच मागे न हटण्याची ही अवस्था, आणि तिच्यामुळेच दोर टिकतो.

नांगराला लागणाऱ्या जाड दोरासाठी ही चढण आणखी एक पायरी वर जायची. असे तीन पूर्ण दोर घेऊन त्यांना पुन्हा उलट दिशेने एकत्र वळायचं.

चौकट : खिडकीच्या गजाला करून पाहा

सुतळीचा दोन हात लांब तुकडा घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसऱ्या टोकात पेन्सिल अडकवून ती एकाच दिशेने फिरवत राहा. सुतळी आखडू लागेल, गाठी पडू पाहतील. ती ताणूनच धरा. आता मधोमध बोट ठेवून घडी घाला, दोन्ही टोकं एकत्र आणा आणि बोट काढून घ्या. दोन्ही पदर आपणहून एकमेकांभोवती, उलट दिशेने, गुंडाळले जातात. हाच दोर. हात सोडला तरी तो सुटत नाही. तयार तुकडा मोजा: एका हातापेक्षा आखूडच भरेल. गेलेली लांबी पिळात आहे.

बावीस फुटांचं घर, पंधरा फुटांचा दोर

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर भाचीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घरी करून पाहिला, तेव्हा रोपवॉक लेनचं कोडं सुटलं. आमच्या घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा गॅलरीच्या ग्रिलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, जेमतेम बावीस फूट. तीन पेड ताणले, पिळले, एकत्र वळले. हाती आला तो पंधरा फुटांच्या आत-बाहेरचा दोर. भाची म्हणाली, ‘‘मामा, अजून लांब हवा.’’ मग दार उघडून जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये गेलो. शेजाऱ्यांनी दोन वेळा सुतळी ओलांडली, तिसऱ्या वेळी कुरकुर केली.

गोदीची अडचण नेमकी हीच, फक्त चाळीसेक पटींनी मोठी. पेड पिळताना त्याची पूर्ण लांबी मोकळी आणि ताणलेली असावी लागते. कुठे वळण आलं, जमिनीला टेकला, तर पीळ तिथेच अडतो. एका बाजूला दोर टणक आणि दुसऱ्या बाजूला पोकळ होतो. म्हणून पेड ताणताना मध्ये मध्ये लाकडी घोड्यांचे टेकू द्यावे लागतात. शिवाय वळताना लांबी आटते. साधारण तीन भाग सूत घेतलं तर दोन भाग दोर मिळतो. दोनशे मीटरचा दोर हवा तर तीनशे मीटर सरळ जागा हवीच.

मग तुकडे करून जोडायचे का नाहीत? गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते. पेड एकमेकांत विणून केलेला सांधा मजबूत असतो, पण तिथे दोर जाड होतो आणि कप्पीत अडकतो. नांगराच्या दोराला तर लांबीवाचून गत्यंतर नाही. नांगर उभा ओढला की उपटून येतो, आडवा ओढला की तळात रुततो. ओढ आडवी यावी म्हणून पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट दोर सोडावा लागतो.

ही लांबी कशी दिसते ते बघायचं तर इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत जावं. तिथला 18व्या शतकाच्या शेवटी बांधलेला दोरखाना आजही उभा आहे आणि त्यात आजही दोर वळले जातात. त्याची लांबी 346 मीटर. आपली पंधरा डब्यांची लोकल साधारण 320 मीटर. म्हणजे आख्खी गाडी आत उभी करून मागेपुढे चालायला जागा उरेल. फ्रान्समध्ये रोशफोरला चौदाव्या लुईच्या काळातला दोरखाना याहूनही लांब आहे, 374 मीटर.

उलटं चालणारी माणसं

अशा दोरखान्यात काम सुरू व्हायचं ते तागाच्या पुंजक्यापासून. आधी तो लोखंडी दात्यांच्या फणीवर विंचरायचा, केस विंचरतात तसा, म्हणजे धागे एका दिशेला येतात. सूत काढणारा कारागीर तो पुंजका कमरेभोवती गुंडाळायचा. त्यातले थोडे धागे ओढून एका चाकाच्या आकड्याला अडकवायचा. एक पोरगा ते चाक फिरवत राहायचा आणि कारागीर चाकाकडे तोंड करून पावलापावलाने मागे सरकत बोटांतून धागे सोडत जायचा. चाकाचा पीळ त्याच्या बोटांपर्यंत धावत यायचा आणि समोर सूत तयार होत जायचं. कोळी आपलं जाळं स्वतःच्या पोटातून काढतो तसा हा प्रकार. दोरखान्याच्या टोकापर्यंत पोचला की एक सूत पूर्ण. ‘रोपवॉक’मधला ‘वॉक’ तो हा.

पुढे सुतं गरम डांबरातून काढायची, कारण तागाला पाण्याची भीती. ती वाळली की पेड पिळायचे आणि मग खरा सोहळा, दोर वळण्याचा. एका टोकाला तीन आकडे, प्रत्येकाला एक पेड. दुसऱ्या टोकाला एकच आकडा, तो एका गाड्यावर बसवलेला, आणि गाड्यावर वजनं ठेवलेली. तीन पेडांच्या मध्ये गाजराच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा, अंगावर तीन खाचा असलेला. पेड त्या खाचांत बसतात. गाड्यावरचा आकडा फिरू लागला की ठोकळ्याच्या निमुळत्या टोकामागे तिन्ही पेड एकत्र येऊन दोर बनतो आणि बनणारा दोरच ठोकळ्याला पुढे ढकलत नेतो. दोर आटत जातो तसा वजनाचा गाडाही इंच इंच पुढे खेचला जातो. वजन कमी ठेवलं तर दोर ढिला होतो, जास्त ठेवलं तर पीळ बसत नाही. भाचीच्या प्रकल्पात त्या ठोकळ्याचं काम आम्ही जेवायच्या काट्याने भागवलं.

पोर्ट्समथनंतर मुंबई

आता काळा घोड्याकडे परत. ईस्ट इंडिया कंपनीने 1730च्या दशकात जहाजबांधणी सुरतेहून मुंबईला हलवायला घेतली आणि सुरतेचा पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आला. 1750मध्ये इथे पहिली कोरडी गोदी तयार झाली. पुढची शंभरेक वर्षं वाडियांच्या पिढ्यांनी सागवानी जहाजं बांधली. 1817मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. 1813चं ‘कॉर्नवॉलिस’ तर असं, की अफूच्या पहिल्या युद्धानंतरचा 1842चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला.

ही सागवानाची कथा आपण वाचलेली असते. दोराची सहसा वाचलेली नसते, आणि हा मला इतिहासलेखनातला एक अन्याय वाटतो. शिडाच्या जहाजात लाकूड हा सांगाडा, पण स्नायू दोराचे. डोलकाठी उभी राहते ती दोरांच्या ताणावर, शीड चढतं-उतरतं ते दोराने, तोफ गोळा डागल्यावर मागे उसळते तिला आवरतो तोही दोर. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे 26 मैल दोर होता असं सांगतात. म्हणजे सुमारे 42 किलोमीटर. सीएसएमटीहून निघालात तर ठाणं, कळवा, मुंब्रा मागे टाकून दिव्याच्या अलीकडे पोचाल, एवढा. आणि हा दोर झिजणारा, कुजणारा, सतत बदलावा लागणारा.

म्हणून गोदीला दोरखाना जोडलेला असणं अटळच. अब्राहम पार्सन्स नावाचा इंग्रज प्रवासी 1775मध्ये मुंबईत आला होता. त्याने गोदीबरोबर हा दोरखानाही बारकाईने पाहिला. त्याचा अभिप्राय असा, की लांबी, जागा आणि सोय या तिन्ही बाबतींत मुंबईचा दोरखाना इंग्लंडमधल्या कोणत्याही दोरखान्याच्या तोडीचा आहे, अपवाद फक्त पोर्ट्समथच्या राजाच्या गोदीतला. पोर्ट्समथसारखंच इथेही वर छप्पर होतं, म्हणजे बारमाही काम चाले. हे छप्पर किती महत्त्वाचं, ते कोकणच्या पावसात राहणाऱ्याला सांगायला नको. ओला धागा फुगतो, पीळ चुकतो, दोर आतून कुजतो. उघड्यावरचा दोरखाना जूनमध्ये बंद झाला असता तो गणपतीनंतर उघडला असता. इथे वळलेले दोर राजाच्या आरमाराला जात, कंपनीच्या आरमाराला जात आणि या किनाऱ्यावरच्या व्यापारी जहाजांनाही.

पार्सन्सने ज्याला पहिला मान दिला तो पोर्ट्समथचा दोरखाना पुढच्याच वर्षी, 7 डिसेंबर 1776 रोजी पेटला. अमेरिकेच्या क्रांतीने भारावलेल्या जेम्स एटकन नावाच्या रंगाऱ्याने तो पेटवून दिला होता. ताग, डांबर आणि लाकडी तक्तपोशी, याहून ज्वालाग्राही मिश्रण शोधून सापडायचं नाही. एटकनला त्याच गोदीच्या दारात जहाजाची डोलकाठी रोवून फाशी दिलं. पार्सन्सचाच हिशोब धरला तर त्या रात्री मुंबईच्या दोरखान्याला वरचढ कुणी उरलं नाही!

ताग की काथ्या?

इंग्लंडच्या आरमाराचा ताग, म्हणजे भांगेच्या जातीचा हेम्प, मुख्यतः रशियाकडून यायचा. मुंबईत सात समुद्रांपलीकडून धागा आणण्यापेक्षा जवळचं काही बघणं भाग होतं. शेतकरी आज हिरवळीच्या खतासाठी धैंच्याबरोबर जो ताग पेरतात, पिवळ्या फुलांचा, त्याच्या सालीचाही उत्तम दोर होतो. आणि दुसरा आपला काथ्या.

काथ्याच्या बाजूने बोलायचं तर तो खाऱ्या पाण्याला डरत नाही. नारळाची सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवतात तेव्हाच त्यातला मऊ भाग कुजून जातो आणि धागा सुटा होतो. ज्याचा जन्मच खाऱ्या पाण्यात झाला तो समुद्रात काय कुजणार? शिवाय काथ्याचा दोर पाण्यावर तरंगतो आणि ताण आला की चांगलाच लांबतो. तागाचा दोर त्यामानाने फारच कमी लांबतो. वादळात जहाज हिसके देत असतं तेव्हा हा फरक जिवाचा ठरतो. काथ्या हिसका पोटात घेतो, ताग तो सोसतो किंवा तुटतो. पण सरळ ताकदीत तागच पुढे. तेवढ्याच भाराला काथ्याचा दोर बराच जाड घ्यावा लागतो. गोड्या पाण्यात तर काथ्या लवकर खराब होतो. पार्सन्सच्या वेळी मुंबईच्या दोरखान्यात दोन्ही प्रकारचे दोर वळले जात होते.

अरबी समुद्रावरच्या नाखव्यांना काथ्याचं हे मोल केव्हापासून ठाऊक होतं. ते नुसते दोरच नाही, तर जहाजाच्या फळ्यासुद्धा काथ्याने शिवत. आणि आपल्या कल्याणच्या खाडीतही ही गरज वेगळी नव्हती. 1657मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी इथे गलबतं बांधायला घेतली आणि त्यासाठी वसईकडचे पोर्तुगीज कारागीर लावले. ते 1659मध्ये काम सोडून निघून गेले, ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. त्या गलबतांचे दोर कुणी वळले, ते मात्र कुणी विचारत नाही. देशावर दोर वळणं हे मातंग समाजाचं पिढीजात कसब. घायपाताच्या वाखापासून कासरा, दावं, मोटेचा नाडा, सगळं त्यांच्या हातचं. शेती त्यांच्या दोरावर चालली, आणि इतिहासात नाव लागलं ते विहीर खोदणाऱ्याचं.

गोल जिन्यातली चूक

जुन्या दोरांत एक दोष होता. पेड पिळताना सगळी सुतं एकाच लांबीची घेत. आता बुरुजातला गोल जिना आठवा. मधल्या खांबाला धरून उतरणारा कमी चालतो, भिंतीकडून उतरणारा जास्त. पेडातही बाहेरच्या सुताला लांबचा वळसा पडतो, आतल्याला जवळचा. लांबी सारखीच असल्यामुळे बाहेरची सुतं ताठ आणि आतली सैल राहायची. भार आला की सगळा बाहेरच्यांवर. ती तुटली की आतली.

ही चूक सुधारली जोसेफ हडर्टने. हा कंपनीच्या जहाजाचा कप्तान होता, त्यामुळे दोर तुटणं म्हणजे काय ते त्याने समुद्रावर पाहिलेलं होतं. त्याची युक्ती साधी. प्रत्येक सुताला वेगळं रीळ द्यायचं आणि सगळी सुतं भोकं पाडलेल्या पत्र्यातून काढून मग पिळायची. ज्याला जेवढा वळसा तेवढं सूत त्याने आपल्या रिळावरून ओढून घ्यायचं. 1793मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं.

दुसरी एक युक्ती ताकदीसाठी नव्हे, चोरीसाठी. सरकारी दोर बाजारात विकून खाणारे तेव्हाही होते. म्हणून इंग्लंडच्या गोद्यांत प्रत्येक दोराच्या पोटात एक वेगळं सूत घालत, उलट पिळाचं किंवा रंगीत. दोर कापला की ते दिसायचं आणि चोर सापडायचा. त्याला नावही ‘चोराचं सूत’ याच अर्थाचं होतं.

पुढे 19व्या शतकात नांगराला लोखंडी साखळ्या आल्या, 1834मध्ये जर्मनीत विल्हेल्म आल्बर्टने खाणीसाठी तारेचा दोर केला, आणि अशी यंत्रं निघाली की जी फिरत्या रिळांवर पीळ देऊन तयार दोर तिथल्या तिथे गुंडाळतात. त्यांना लांब जागा लागत नाही. दोरखान्यांची गरज संपली. मुंबईच्या किल्ल्याचे तट 1860च्या दशकात पाडले गेले, तटाकडेची रॅम्पार्ट रो आज दुभाष मार्ग झाली आणि दोरखान्याचं गल्लीच्या नावापलीकडे डोळ्यांना दिसेल असं काही राहिलं नाही.

दोराची घडण मात्र तीच राहिली. ठाण्या-डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या इमारतीत लिफ्टवाला गच्चीवरची खोली उघडेल तेव्हा आत डोकावून बघा. कप्पीवरून उतरणारा पोलादी दोर अनेक पेडांचा असतो, प्रत्येक पेड बारीक तारा पिळून केलेला असतो, आणि त्या सगळ्या पेडांच्या मधोमध बहुतेक वेळा तेलात भिजवलेला एक धाग्याचा गाभा असतो. तो पुष्कळदा घायपाताच्या वाखाचा असतो.